रानाचा हिशेब आणि रानाचा न्याय

इ. स. १८५६ मध्यें डीट्रिख ब्रँडिस नांवाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशांत पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांवरील अधिकारी म्हणून रुजू झाला. त्या जंगलांत साग किती उभा आहे, हें त्या वेळीं कोणीच खात्रीनें सांगूं शकत नव्हतें. तोड मात्र चालूच होती. ब्रँडिस हत्तीवर बसून आंखून घेतलेल्या वाटेनें रानांतून जाई, दृष्टीस पडेल त्या सागाची जाडी नजरेनें अजमावी आणि हातांतील बांबूच्या काठीवर त्याची खूण करी. मुक्कामावर आल्यावर त्या खुणा मोजून, पाहिलेल्या पट्टीवरून न पाहिलेल्या रानाचा तो अंदाज बांधी, आणि दरसाल किती झाडें तोडलीं असतां रानाचें भांडवल कायम राहील याचें गणित मांडी. हाच गृहस्थ पुढें १८६४ सालीं हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, आणि आपल्याकडील शास्त्रीय वनव्यवस्थेचा पाया त्याच्याच हातून घातला गेला.

त्या काठीची जागा आतां उपग्रहानें घेतली आहे. रानाचें चित्र आकाशांतून उतरतें, संगणक त्यांतील हिरवा आणि करडा निवडून काढतो, त्यावर माती, पाऊस, उतार, रस्ते, श्वापदांच्या वाटा यांचे नकाशे एकावर एक ठेवले जातात, आणि शेवटीं अधिकाऱ्यापुढें एक सल्ला येतो : अमुक ठिकाणीं तोड करावी, अमुक ठिकाणीं लागवड करावी, अमुक जागा सोडावी. ब्रँडिसाच्या काठीपासून या यंत्रापर्यंत मनुष्याच्या जाणण्याची वाढ विलक्षण झाली, यांत संशय नाहीं. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. जाणणें वाढलें म्हणजे निवडणें सोपें होतें काय? आणि निवड यंत्राच्या सल्ल्यानें झाली असतां, तिचें पाप-पुण्य कोणाच्या माथीं?

प्रथम या साधनांची बाजू मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. नव्या यंत्रास नाक मुरडून जुन्या काळाचे गोडवे गाणारांचा एक वर्ग आपल्यांत आहे. परंतु जुना काळ रानाच्या दृष्टीनें फारसा गोड नव्हता. सरकारी दप्तरांत ज्या जमिनीपुढें ‘वन’ असें लिहिलें असे तें वन, मग तेथें झाडें उभीं असोत वा नसोत. १९८१ सालीं डेहराडून येथें भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि १९८७ सालीं तिनें उपग्रहाच्या साहाय्यानें केलेला पहिला अहवाल प्रसिद्ध केला. देशाच्या भूमीपैकीं १९.४९ टक्के भागावर वनाच्छादन आहे, असें त्यांत निघालें. दप्तरांतील रान आणि डोळ्यांपुढील रान यांमधील अंतर या अहवालामुळें चारचौघांत आलें. ठेकेदाराच्या मेजवानीनें किंवा वरिष्ठाच्या धाकानें उपग्रहाची नजर बदलत नाहीं, हा गुण लहान नव्हे. तीच गोष्ट वणव्याची. २००४ पासून ही संस्था उपग्रहास दिसलेल्या आगींच्या सूचना राज्यांच्या वनखात्यांना पाठवूं लागली. आज त्या सूचना रानांतील पहारेकऱ्याच्या खिशांतल्या फोनवर येतात. पूर्वीं धूर गांवांतून दिसेपर्यंत अर्धा डोंगर जळून गेलेला असे. जो मनुष्य ही सूचना वेळेवर मिळाल्यानें एखादें खोरें वांचवूं शकला, त्याच्यापुढें यंत्राची निंदा करण्यास आम्ही धजणार नाहीं.

परंतु प्रत्येक मोजणीच्या पोटांत एक व्याख्या दडलेली असते, आणि व्याख्येच्या पोटांत एक हेतु. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणें एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या शेंड्यांची सांवली निदान दहा टक्के पडते, ती सर्व वनाच्छादित. जमीन कोणाची, झाड कोणतें, तें आपोआप उगवलेलें कीं लावलेलें, हे प्रश्न त्या व्याख्येंत येत नाहींत. म्हणजे रत्नागिरीकडील हापुसाची बाग, नारळीची वाडी आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील शेंकडों वर्षांचें निबिड अरण्य हीं तिन्ही त्या मोजणींत दाखल होतात. दाट, मध्यम आणि विरळ असे वर्ग त्या अहवालांत केलेले असतात हें खरें. परंतु ते सांवलीच्या दाटपणाचे वर्ग आहेत, रानाच्या जातकुळीचे नव्हेत. २०२३ च्या अहवालांत वनाच्छादन २१.७६ टक्के दाखविलें आहे. मध्यंतरीं नजरही बदलली. पहिल्या अहवालाच्या वेळीं चित्रांतील लहानांत लहान चौकोन ऐंशी मीटर बाजूचा, म्हणजे दीड एकराहून मोठा होता. आतां तो साडेतेवीस मीटरांचा, म्हणजे सुमारें साडेपांच गुंठ्यांचा आहे. तेव्हां १९ चे २१ झाले यांत रान किती वाढलें आणि नजर किती सुधारली, याचा निवाडा केवळ दोन आंकडे शेजारीं ठेवून होत नाहीं. व्याख्या खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती एका विशिष्ट प्रश्नाचें उत्तर आहे, आणि तो प्रश्न विसरून उत्तर तेवढें जवळ बाळगणें हा दोष आहे.

‘टिकाऊ’ हा शब्दही असाच एका प्रश्नांतून जन्मास आला. १७१३ सालीं सॅक्सनीमधील हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यानें, रानांतून जेवढें वाढेल तेवढेंच काढावें, हा विचार आपल्या ग्रंथांत मांडला, आणि आजच्या शाश्वत वनव्यवस्थेचे अभ्यासक त्यालाच आपला मूळपुरुष मानतात. हा कार्लोविट्झ खाणींचा अधिकारी होता. चांदी गाळण्याच्या भट्ट्यांना सरपण पुरेना, म्हणून त्याला रान टिकावेंसें वाटलें. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु काय टिकवावयाचें, कोणासाठीं आणि किती काळ, हें गणितापूर्वींच ठरलें होतें. टिकावयाची होती ती भट्टी; रान तिच्यासाठीं टिकावयाचें होतें.

हेतु चुकीचा नसला तरी माहिती अपुरी असूं शकते, आणि ती कोठें आहे हें दप्तरास ठाऊक नसतें. याचें एक उदाहरण आपल्या शेजारचें आहे. कारवार जिल्ह्यांतील रानांतून कागदगिरणीला बांबू दिला जात असे. बांबू किती आहे, दरवर्षीं किती फुटतो, किती काढावा, याचीं कोष्टकें खात्यापाशीं होतीं. तरीही बांबू झपाट्यानें संपत चालला. १९७० नंतरच्या दशकांत माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनीं रानांत जाऊन मोजदाद केली, तेव्हां कोष्टकांतील बांबू आणि उभा बांबू यांत फार मोठी तफावत निघाली. शिवाय एक गोष्ट कोष्टकांत मुळींच नव्हती. बेटाच्या बुंध्याशीं जें कांटेरी आवरण असतें तें साफ केल्यास बेट चांगलें वाढतें, या समजुतीनें खातें तें काढवीत असे. गांवकरी सांगत कीं, तो कांटा म्हणजेच कोंभाचें कुंपण. तो काढला कीं गुरें आणि रानचीं जनावरें कोंवळा कोंभ खाऊन टाकतात. तपासाअंतीं गांवकऱ्यांचेंच म्हणणें खरें ठरलें. कोष्टकें करणारे मूर्ख नव्हते, आणि बहुतेक अप्रामाणिकही नसतील. जो मनुष्य रोज त्या बेटाजवळून जात होता, त्याला विचारण्याची सोय त्यांच्या हिशेबांत नव्हती, एवढेंच. ही सोय नसेल तर त्याच कोष्टकाचें काम संगणकाकडे दिल्यानें चूक दुरुस्त होत नाहीं. ती अधिक वेगानें आणि अधिक रुबाबानें होते.

आतां ज्याला ‘निर्णयसाहाय्य’ म्हणतात त्या यंत्रणेकडे वळूं. रानासंबंधीं कोणताही निर्णय घेतांना तीन प्रकारचे प्रश्न उभे राहतात. आज रानाची स्थिति काय आहे, हा पहिला. अमुक केलें तर पुढें काय होईल, हा दुसरा. आणि यांपैकीं काय व्हावें, हा तिसरा. पहिल्या दोहोंत यंत्राचें साहाय्य अमोल आहे. तिसरा प्रश्न मात्र जातीनेंच निराळा आहे. तो ज्ञानाचा नसून इच्छेचा आणि न्यायाचा आहे. धोका असा कीं, यंत्रांत तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आरंभींच घालावें लागतें, तें लहान अक्षरांत घातलें जातें, आणि शेवटीं बाहेर पडणारा सल्ला मात्र पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरासारखा निर्विकार दिसतो. लाकडास इतके गुण, पाण्यास इतके, वाघास इतके, मोहाच्या फुलांस इतके, असा भार कोणीतरी एका खोलींत बसून ठरवितो. तो एकदां ठरला कीं पुढील सर्व गणित बिनचूक असतें. वाद भाराचा असतो, आणि लोकांपुढें येतें तें गणित.

याचा मोठा प्रयोग अमेरिकेंत होऊन गेला आहे. १९७६ च्या राष्ट्रीय वनव्यवस्थापन कायद्यानें तेथील प्रत्येक राष्ट्रीय वनाचा आराखडा करणें बंधनकारक झालें, आणि वनखात्यानें त्यासाठीं ‘फोरप्लान’ नांवाची संगणकी पद्धति स्वीकारली. हजारों समीकरणें मांडून, उत्पन्नाचें आजचें मूल्य जास्तींत जास्त कसें होईल, हें ती काढून देई. पाणी, श्वापदें, सौंदर्य हीं त्यांत मर्यादा म्हणून घालतां येत. म्हणजे पैसा हें उद्दिष्ट आणि बाकीचें जग ही अडचण, अशी त्या मांडणीची घडण झाली. आराखड्यांचे भारे तयार झाले, परंतु भांडणें मिटलीं नाहींत; कारण भांडणें आंकड्यांचीं नव्हतीं. वायव्येकडील जुन्या अरण्यांत राहणाऱ्या एका ठिपकेदार घुबडाच्या रक्षणाची कायद्यानुसार योजना झालेली नाहीं, म्हणून १९९१ सालीं सिएटल येथील न्यायाधीशांनीं त्या घुबडाच्या वसतिस्थानांतील लाकूडविक्री थांबविली, आणि १९९४ मध्यें त्या सबंध टापूसाठीं नवी योजना करावी लागली. जें समीकरणांतून निघालें नाहीं, तें न्यायाच्या चव्हाट्यावर येऊन मगच ठरलें.

तें घुबड परदेशचें. आपल्याकडे हाच प्रश्न मनुष्यांच्या पोटाशीं येऊन भिडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें, १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जो आदिवासी रानांतली जमीन कसून तीवर गुजारा करीत असेल, त्याचा त्या जमिनीवरील हक्क, कमाल चार हेक्टरांपर्यंत, मान्य व्हावयाचा आहे. प्रश्न पुराव्याचा. ज्याच्या बापजाद्यांना कोणी कधीं कागद दिलाच नाहीं, त्याच्यापाशीं कागद मागणें ही थट्टा आहे. म्हणून कायद्याच्या नियमांनीं गांवांतील वडीलधाऱ्या माणसांची लिहून घेतलेली साक्षही पुरावा म्हणून मानली. उलट पक्षीं, २००५ सालचें आकाशांतील चित्र उपलब्ध असतां म्हाताऱ्याच्या आठवणीवर विसंबावें कशाला, असें म्हणणारेही निघाले, आणि चित्रांत शेत दिसत नाहीं म्हणून दावे फेटाळण्याचे प्रकार घडूं लागले.

क्षणभर त्या चित्रांतील शेत डोळ्यांपुढें आणावें. डोंगरउतारावर एक-दोन एकरांचा तुकडा. त्यांत नाचणी किंवा कोदो. बांधावर आणि मधोमध मोहाचीं झाडें राखलेलीं, कारण मोह तोडणें म्हणजे घरचें अन्न तोडणें. एखाद्या वर्षीं जमीन पडीक टाकलेली, तिला विश्रांति मिळावी म्हणून. वरून पाहणाऱ्या यंत्राला, ज्याचा एकेक चौकोन साडेपांच गुंठ्यांचा आहे, तेथें काय दिसेल? विरळ जंगल. म्हणजे ज्यानें सर्व झाडें कापून जमीन बोडकी केली त्याचें शेत चित्रांत स्वच्छ उमटणार, आणि ज्यानें झाडें राखून शेती केली त्याचा हक्क त्या झाडांच्या सांवलींत हरवणार. रान राखण्यासाठीं निर्माण झालेल्या यंत्रानें रान राखणाऱ्यासच शिक्षा करावी, हा विपर्यास यंत्राच्या दुष्टपणानें होत नाहीं. साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसविल्यानें होतो.

कायदा करणारांच्या हें लक्षांत आलें. २०१२ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन, उपग्रहचित्रें आणि तत्सम साधनें इतर पुराव्याला पूरक म्हणून घ्यावींत, त्याच्या बदलीं घेऊं नयेत, असें स्पष्ट करण्यांत आलें. तरी मोह सुटत नाहीं. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ज्यांचे दावे अखेरचे फेटाळले गेले त्यांना रानांतून काढावें आणि वन सर्वेक्षणानें उपग्रहाच्या साहाय्यानें अतिक्रमणांची पाहणी करावी, असा आदेश दिला. फेटाळलेल्या दाव्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. त्याच महिन्याच्या २८ तारखेस न्यायालयानें तो आदेश तहकूब केला आणि दावे कोणत्या रीतीनें फेटाळले गेले हें राज्यांना विचारलें. हा प्रश्न आधीं विचारावयाचा होता. निकाल काय लागला यापेक्षां तो कसा लागला, हें विचारण्याचा धर्म मनुष्याचा आहे. यंत्राला तो नाहीं.

येथें एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो टाळणें बरोबर होणार नाहीं. म्हातारा खोटें बोलूं शकतो; आठवण फसवूं शकते; गांवांतील बडे लोक गरिबाच्या तोंडून हवें तें वदवूं शकतात. चित्राला निदान लोभ तरी नाहीं. हें सर्व आम्हांस मान्य आहे. आणि म्हणूनच चित्र फेंकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. एके ठिकाणीं तेंच चित्र दुबळ्याच्या बाजूनें उभें राहील आणि लबाडाचें पितळ उघडें करील. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी झाली पाहिजे, मग तो साक्षीदार म्हातारा असो वा उपग्रह असो. चित्र कोणत्या महिन्यांतलें, ढग होते काय, हिरव्याला पीक म्हणावयाचें कीं झाड, हें कोणी ठरविलें, असें त्या आदिवासीला विचारतां आलें पाहिजे, आणि त्याला समजेल अशा भाषेंत उत्तर मिळालें पाहिजे. ज्या पुराव्याला उलट प्रश्न करतां येत नाहीं, तो पुरावा नसून हुकूम आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. निवाडा गांवावर सोपवावा, तर गांव काय देवमाणसांचें असतें? आजच्या पिढीनें आपल्या गरजेपोटीं रान संपविलें, तर उद्यांच्या पिढीची बाजू कोण मांडणार? ग्रामसभेंत वाघ येऊन बसत नाहीं, आणि न जन्मलेलें मूल हात वर करीत नाहीं. हा आक्षेप खरा आहे. त्याला संपूर्ण उत्तर कोणापाशींच नाहीं. परंतु अर्धें उत्तर गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवानें देऊन ठेवलें आहे. २००९ सालीं या गांवाला सुमारें अठराशे हेक्टर रानावरील सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलांत आपल्या रानांतील बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गांवकऱ्यांनीं तत्पूर्वीं कित्येक वर्षें एक रीत घालून घेतली होती. गांवांत अभ्यासगट बसतो. कायदा, हिशेब, रानाची स्थिति यांची माहिती तो गोळा करतो. बाहेरच्या जाणत्यांनाही बोलावतो. वाद घालतो, शंका काढतो. परंतु अभ्यासगट निर्णय घेत नाहीं. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें. एकाचाही विरोध असेल तर थांबावयाचें, पुन्हां बोलावयाचें.

आमच्या मतें ‘निर्णयसाहाय्य’ या शब्दाचा खरा अर्थ त्या गांवानें ओळखला आहे. जाणण्याला तेथें मान आहे, सिंहासन नाहीं. उपग्रहाचें चित्र आणि संगणकाचा अंदाज हीं त्या अभ्यासगटांत आनंदानें बसूं शकतील; उलट, पंचवीस वर्षांनीं बांबूचें काय होईल हें दाखविणारें यंत्र म्हणजे न जन्मलेल्या मुलाचा थोडासा आवाजच म्हणावा लागेल. जेथें परिणाम गांवाच्या शिवेबाहेर जातो, खालच्या नदीवर किंवा फिरत्या वाघावर होतो, तेथें बाहेरच्यांनाही बोलण्याचा हक्क आहे. मात्र त्यांनीं समोर येऊन, आपलें म्हणणें आपल्या नांवानें मांडावें. ‘यंत्र असें सांगतें’ या पडद्याआड उभें राहूं नये.

या सर्व विचाराअंतीं महाभारतांतील एका प्रसंगाची आठवण होते. अलीकडे संजयाच्या दिव्यदृष्टीचें नांव आजच्या यंत्रांच्या कौतुकासाठीं वारंवार घेतलें जातें; परंतु त्या कथेंतील खरी गोष्ट दृष्टीची नाहीं. व्यासांनीं ती दृष्टि प्रथम धृतराष्ट्रालाच देऊं केली होती. आपल्या कुळाचा संहार आपणांस डोळ्यांनीं पाहावयाचा नाहीं, वृत्तांत तेवढा ऐकावयाचा आहे, असें म्हणून त्यानें ती नाकारली. मग संजय रणांगणावरील बाण न् बाण सांगत गेला. त्याच्या माहितींत उणीव नव्हती, पक्षपात नव्हता. आणि तरी त्या माहितीनें एकही जीव वांचला नाहीं. कारण ज्या निर्णयासाठीं ती उपयोगी पडली असती, तो निर्णय द्यूतसभेंतच टाळला गेला होता. धृतराष्ट्राला कमी पडलें तें ज्ञान नव्हतें.

आपल्या पिढीला संजय मिळाला आहे, आणि तो उत्तम आहे. रान कोठें जळतें, कोठें विरळ होतें, कोठें हिरवें दिसूनही आंतून पोकळ झालें आहे, हें तो आपणांस अधिकाधिक बारकाईनें सांगेल. तें ऐकून झाल्यावर कोणाची जमीन जावी, कोणतें झाड पडावें, कोणी किती सोसावें, हें ठरविण्याचें ओझें मात्र त्याच्या खांद्यावर टाकतां येणार नाहीं. ज्या अधिकाऱ्याला आपल्या सहीखालील निर्णयाचें कारण त्या शेतकऱ्याच्या मोहाच्या झाडाखालीं उभें राहून सांगतां येईल, त्यानें यंत्राचा सल्ला खुशाल घ्यावा. ज्याला तें सांगतां येणार नाहीं, त्यानें सही करण्यापूर्वीं एकदां त्या झाडापर्यंत चालत जावें.